झाकलेल्या तोंडांची वर्षं

डॉक्टरांनी बाबांना तीन शब्द सांगितले आणि म्हणाले, "हे लक्षात ठेवा आजोबा, मी थोड्या वेळाने परत विचारतो." केळं, चावी, नदी. मला ते अजून पाठ आहेत, आणि मला तर ते कुणी विचारलेही नव्हते.

मास्कचं दुसरं वर्ष चालू होतं. पेणच्या त्या दवाखान्यात डॉक्टरांच्या तोंडावर मास्क, मास्कवर प्लास्टिकची ढाल, आणि आमच्या नि त्यांच्यामध्ये टेबलापासून छतापर्यंत ताणून बांधलेलं जाड प्लास्टिक. भिंतीवरचा पंखा घरघरत होता. बाबा स्टुलावर ताठ बसले होते, कंपनीत साहेबांसमोर बसावं तसे. डॉक्टरांचं बोलून झालं तसे ते हसले आणि त्यांनी मान हलवली. मग डॉक्टरांनी बीपी बघितलं, झोप कशी आहे ते मला विचारलं, आणि पुन्हा बाबांकडे वळले. "हं, सांगा आता ते तीन शब्द."

बाबा परत हसले. माझ्याकडे बघितलं. माझ्याही तोंडावर मास्क होता, नुसत्या डोळ्यांनी मी काय सांगणार?

"बरं हाय सगळं," बाबा म्हणाले.

आज वार कुठला, घरी कोण कोण असतं, सगळ्याला तेच उत्तर. डॉक्टर माणूस चांगला होता. त्यांनी घाई केली नाही, आवाजही चढवला नाही. बाबांना बाहेर बसवून मला म्हणाले, "सुरुवात वाटते आहे. आता एकटं ठेवू नका." गोळ्या लिहून दिल्या. मी रस्त्यावर येऊन भावाला फोन लावला.

"मी बोललो होतो ना?" भाऊ म्हणाला. "रोह्याचं घर बंद करू. आजच."

रोह्याचं घर म्हणजे दोन खोल्या, पुढे पडवी आणि मागे शेवग्याचं झाड, एवढंच. बाबांनी धाटावच्या कंपनीत आयुष्य काढलं ते याच घरातून. आई गेल्यावर भावाने आणि मी त्यांना आमच्याकडे बोलावून बघितलं, पण ते ऐकेनात. स्वतःचा भात स्वतः टाकायचे, सकाळी कुंडलिका नदीच्या पुलापर्यंत चालून यायचे, बाजारातून मासळी आणायचे, ती साफ करताना मांजराशी भांडायचे. त्यांना त्या घरातून उचलायचं म्हणजे काय, हे मला कळत होतं. भावालाही कळत असणार. पण तो नागोठण्याला राहतो, कंपनीत शिफ्टला जातो, आणि बापाचा फोन लागला नाही की त्याचा जीव टांगणीला लागतो. त्याला दोष देऊन मी तरी काय मिळवणार?

तर बाबांचं हे विसरणं सगळ्यांच्या तोंडावर मास्क आल्यापासून सुरू झालं. तसं तेव्हा आमच्या ध्यानात आलं नाही. आम्हाला वाटलं, आई गेली, लॉकडाऊन लागलं, माणूस घरात कोंडला गेला, डोक्यावर परिणाम होणारच. शेजारीण सांगून गेली की उद्या नळाला पाणी नाही, तरी यांनी हंडा भरून ठेवला नाही. लसीला कधी यायचं ते केंद्रावर दोनदा सांगितलं, हे भलत्याच दिवशी जाऊन उभे. मी एकदा एसटीने रोह्याला गेले, दारातच सांगितलं, "बाबा, आज माझा उपास हाय, मासळी आणू नका." बाबा मान हलवून बाहेर पडले आणि घंटाभराने निवट्या घेऊन आले. माझ्या आवडीच्या म्हणून. मी डोक्याला हात लावला.

पण कहर झाला तो त्यांच्या मित्राच्या वेळी. कंपनीत दोघे एकाच खात्यात, शेजारच्या मशिनींवर. रिटायर झाल्यावरही संध्याकाळी पुलाच्या कठड्यापाशी दोघे एकत्र दिसायचे. मास्कच्या पहिल्या वर्षी पाय दुखावला म्हणून मित्राचा मुलगा त्यांना पनवेलला घेऊन गेला आणि तिथेच ते गेले. भाऊ मुद्दाम रजा टाकून रोह्याला गेला. फोनवर सांगणं त्याला बरं वाटलं नाही. फाटकाबाहेर अंतर ठेवून उभा राहिला आणि मास्कमधून त्याने ती बातमी सांगितली.

"हसले गो ते," भाऊ मला नंतर म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "मी सांगितलं तुमचा दोस्त गेला, आणि बाबा हसले. मान डोलवली. मला बोलले, चहा घेतोस काय."

पुढच्या आठवड्यात बाबांनी त्यालाच विचारलं, "त्याचा पाय बरा झाला काय रे? पनवेलवरनं कधी येतोय?"

त्यानंतर घरात कुणी वाद घातला नाही. आम्ही त्यांना पेणला डॉक्टरांकडे आणलं आणि वर सांगितलेली ती तपासणी झाली. भावाने रोह्याच्या दाराला कुलूप लावलं, चावी आपल्या खिशात टाकली आणि बाबांची पिशवी पेणला माझ्या घरी आणून ठेवली. थोडे दिवस माझ्याकडे, मग त्याच्याकडे, मग घर भाड्याने द्यायचं, असं ठरलं. बाबांना कुणी विचारलं नाही. विसरणाऱ्या माणसाला काय विचारायचं?

मी मूळची तापट. आई बोलायची, हिच्या पायाला भिंगरी आणि जिभेला धार. त्या दिवसांत तर मला एका जागी बसवत नव्हतं. भाकरी थापता थापता उठून बाबा आहेत ना बघून यायची. बाबासुद्धा तसेच. खिडकी, दार, परत खिडकी. एक बाप आणि एक लेक, दोघं मिळून त्या घराच्या लाद्या झिजवत होतो.

"रोह्याला कधी जायचं?" ते विचारायचे.

मी सांगायची, "बाबा, आता हितंच राहायचं. डॉक्टरांनी सांगितलंय." ते मान हलवायचे. हसायचे. ताट वाढेपर्यंत पुन्हा, "रोह्याला कधी जायचं गो?"

 कधी कधी मी ओरडायचीसुद्धा. ओरडले की त्यांचा चेहरा कसानुसा व्हायचा आणि ते भिंतीकडे बघत बसायचे. हे सगळं मी मास्क लावून बोलत होते. मी दिवसभर चार माणसांत वावरणारी, आणि हे सत्तरीच्या पुढचे. मी त्यांच्यासमोर घरातही मास्क काढत नव्हते. जेवायलासुद्धा वेगळी बसायची. मला वाटायचं मी त्यांना जपते आहे.

माझं काम आखणीचं. हमरापूरला एका गणपतीच्या कारखान्यात मी मूर्तींचे डोळे काढते. आमच्या भागात रोह्याकडे असते ती कंपनी आणि पेणकडे असतो तो कारखाना. कंपनीत काय बनतं ते आतल्या माणसालाही पुरतं सांगता येत नाही, कारखान्यात गणपती बनतो. बुबुळ, पापणी, भुवई, बारीक ब्रशाने एका दमात ओढायची असते. एक डोळा काढला की दुसरा झाल्याशिवाय मी उठत नाही. थांबलं की नजर बदलते, दोन डोळे दोन माणसांचे वाटायला लागतात.

शेडच्या एका टोकाला कंप्रेसर. तो सुरू झाला की स्प्रेवाले अंगाचा आणि पितांबराचा रंग मारतात आणि बाकीच्यांचे कान बंद. तासन् तास चालतो तो. पण म्हणून आम्ही बायका गप्प बसणार थोड्याच? आम्ही आवाज न करता बोलतो. नुसते ओठ, मोठे मोठे करून. शेडच्या त्या टोकाच्या बाईची सासू काल काय बोलली ते या टोकाला मला कळतं, आणि मालकाला काही कळत नाही. मी लग्न होऊन पेणला आले, कारखान्यात लागले, आणि पहिल्या सीझनमध्येच हे शिकले. कुणी शिकवावं लागत नाही.

मास्क आले आणि आमचं ते बोलणं बंद पडलं. लोकांना वाटतं मास्कमुळे श्वास कोंडतो. आमचं तोंडच बंद झालं होतं. आणि आणखी एक गंमत सांगते. कंप्रेसर बंद असतानासुद्धा मास्कमधून सांगितलेलं डोक्यात राहत नव्हतं. मालक सकाळी येऊन सांगायचे, या रांगेला शेला जांभळा, त्या रांगेला केशरी, मोठ्या मूर्तीच्या मुकुटाला सोनेरी नको. ऐकू यायचं. आम्ही हो म्हणायचो. दुपारपर्यंत अर्ध्या जणी एकमेकींना विचारत बसायच्या, जांभळा कुठल्या रांगेला गो? एकदा अख्खी रांग चुकीच्या रंगाने रंगली आणि मालकांनी आमची यथेच्छ हजेरी घेतली. आता वाटतं, शब्द पकडण्यातच सगळी ताकद खर्च व्हायची, तो ठेवायला काही उरायची नाही. तेव्हा मात्र आम्ही एकमेकींना म्हणायचो, म्हाताऱ्या झालो आपण. मी घरी जाऊन बाबांच्या त्याच विसरण्यावर चिडायची, आणि तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही.

बाबांना घरी एकटं सोडायची भीती वाटायला लागली. नवरा त्याच्या कामावर, शेजारी कुणावर भार टाकायचा? शेवटी मी त्यांना कारखान्यात बरोबर न्यायला लागले. दाराशी वारा येतो तिथे त्यांची खुर्ची. गोळ्यांनी ते पेंगायचे. जाग आली की मूर्ती बघत बसायचे. बायका जाता-येता हात करायच्या, ते हसून मान हलवायचे. ते हसणं आता मला नकोसं झालं होतं. रिकाम्या घराचं दार वाऱ्याने हलावं तसं ते मला वाटायचं.

त्या दिवशी चहा आला होता. सगळ्या जणींनी मास्क हनुवटीखाली ओढले होते. स्प्रेवाल्याला काय घाई झाली कोण जाणे, त्याने चहा घशाखाली टाकला आणि कंप्रेसर चालू केला. मी चहा तसाच ठेवून काम करत होते, एक मध्यम मूर्ती, उजवा डोळा झाला होता. पलीकडच्या टोकाला माझी मैत्रीण, आमच्यातली सगळ्यात वात्रट बाई, पेला हातात धरून सवयीने ओठांनीच दुसरीला सांगत होती, "हिला आज छेडू नका. भडकलेली दिसते. तो गणपती बघा, बाप्पा आता भक्तांवरच डोळे वटारणार."

मी वर बघितलं म्हणून मला ते दिसलं. उत्तर द्यायला तोंड उघडणार, तोच पाठीमागून हसू आलं. मोठ्याने, पोट धरून. बाबा.

"लहानपणापास्नं तशीच हाय ती!" बाबा ओरडून म्हणाले. "शाळेतनं तक्रारी यायच्या!"

नेमका तेव्हाच कंप्रेसर थांबला आणि त्यांचं शेवटचं वाक्य अख्ख्या शेडभर झालं. सगळ्या जणी हसल्या. मैत्रीण लाजली, म्हाताऱ्यासमोर बोलले म्हणून. मी हसले नाही. मी ब्रश खाली ठेवला. एकाच डोळ्याचा गणपती तसाच ठेवून उठले.

ती बाई शेडच्या दुसऱ्या टोकाला होती. कंप्रेसर चालू होता. आणि तिने आवाज काढलाच नव्हता.

मी बाबांच्या समोर जाऊन उभी राहिले. मास्क खालीच होता. आवाज न काढता विचारलं, "भूक लागली काय?"

"नाय, आता चहा झाला ना," बाबा म्हणाले.

मग मी मास्क वर केला आणि खणखणीत आवाजात विचारलं, "बाबा, रोह्याला जायचं काय?"

ज्या प्रश्नासाठी ते दिवसभर माझ्या मागे असायचे, तो मी स्वतः विचारत होते. बाबा हसले. मान हलवली. "बरं हाय," म्हणाले.

 मी तिथेच जमिनीवर, रंगाच्या डब्यांमध्ये बसले. मला आनंद झाला होता, रागही आला होता आणि रडूही येत होतं, यातलं आधी काय करावं ते कळेना. त्यांच्या चेहऱ्यासमोर तोंड नेऊन, मास्क ओढून काढून मी विचारलं, "बाबा, तुम्हाला ऐकायला येत नाय?"

त्यांनी आधी इकडेतिकडे बघितलं, कुणी ऐकत नाही ना. "आवाज येतो," ते हळूच म्हणाले. "शब्द येत नाय."

"कधीपास्नं?"

"कंपनीपास्नं."

घरी आल्यावर थोडं थोडं करून निघालं. त्यांच्या खात्यात मशिनीचा आवाज इतका की माणसं ओठांवरच बोलायची, आमच्यासारखीच. कान कधी गेले ते त्यांनाही समजलं नाही, कारण कामावर कानाची गरजच पडत नव्हती. दर वर्षी कंपनीत कानाची तपासणी व्हायची. आवाज आला की हात वर करायचा. बाबा तपासणाऱ्याच्या बोटाकडे बघायचे. बोट बटणावर पडलं की यांचा हात वर. नापास झाले असते तर खात्यातून काढून कुठेतरी बसवलं असतं, ओव्हरटाइम गेला असता, आम्ही दोघं शिकत होतो. पुढे ती सवयच झाली.

"आईला म्हाईत होतं?"

"तिला नाय म्हाईत तर कोणाला?" बाबा म्हणाले.

मग मला एकेक दिसायला लागलं. आई त्यांना कधी मागून हाक मारायची नाही. हातातलं काम टाकून समोर यायची, खांद्याला हात लावायची, मग बोलायची. आम्ही चेष्टा करायचो, काय तुमचं प्रेम. फोन आला की बाबा आधी तो आईच्या हातात द्यायचे. आई गेल्यावर त्यांचं फोनवरचं बोलणं ठरलेलं होतं. बरं हाय, जेवलो, ठेवतो. पुढून कोण काय म्हणतंय याची ते वाटच बघायचे नाहीत. नातवंडांशी व्हिडिओवर बोललेलं मात्र शब्दन् शब्द लक्षात. त्यावर भाऊ म्हणायचा, मर्जीचं बरोबर लक्षात राहतं यांच्या.

"मग बोलला का नाय?" मी विचारलं. "डॉक्टरांसमोर का नाय बोललात? आम्ही तुम्हाला वेडं ठरवायला निघालो होतो!"

बाबा हाताची नखं बघत होते. "विसरतो बोललात, ते बरं होतं," ते म्हणाले. "विसरणाऱ्याला लोक परत सांगतात. बहिऱ्याला हसतात."

 अजून एक गोष्ट राहिली होती. ती टाळावी असं फार वाटलं. पण मी नाही सांगितली तर उद्या ते परत विचारणार, पाय बरा झाला काय म्हणून. मी त्यांच्या समोर बसले, गुडघ्याला गुडघा लावून, आणि तोंड उघडं ठेवून सावकाश सांगितलं की तुमचा दोस्त पनवेललाच गेला. मागच्या वर्षी. भाऊ सांगायला आला होता तो हेच.

बाबा माझ्या ओठांकडे बघत राहिले. मला वाटलं त्यांना समजलं नाही, परत सांगावं लागणार, आणि ते माझ्याने होणार नाही. मग त्यांचं तोंड हलायला लागलं. आवाज नव्हता. ते त्या माणसाशी त्यांच्या खात्यातल्यासारखं काहीतरी बोलत होते आणि मी ते वाचलं नाही, मान दुसरीकडे फिरवली. नंतर विचारलं, "मी हसलो काय गो तेव्हा?"

मी नाही म्हटलं.

भावाला मी त्याच संध्याकाळी बोलावून घेतलं. तो ऐकायलाच तयार नव्हता. "इतकी वर्षं आपल्याला फसवत होते?" त्याचं हेच चाललं होतं. त्याला लागलं होतं, आणि त्याला लागलं की तो मोठ्याने बोलतो. मी पण काही कमी नाही. आमची अशी जुंपली की नवरा खिडक्या लावायला उठला. मी त्याला तावातावाने सांगत होते, तू मास्क लावून सांगितलंस, मी मास्क लावून सांगितलं, डॉक्टर मास्क लावून विचारतात, आणि वर आपण सगळे म्हणतो हा माणूस विसरतो. आपण सांगितलंच कुठे त्यांना काही?

बाबा आमच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होते. भांडताना दोघांचेही मास्क कधीच निघाले होते. त्यामुळे त्यांना सगळं समजत होतं. ते उठून उभे राहिले आणि भावासमोर गेले.

"मला ऐकायला येत नाय," ते म्हणाले. आवाज गरजेपेक्षा मोठा होता, बाहेर रस्त्यावर गेला असणार. त्यांचे कान लाल झाले होते. लग्नाच्या बायकोपलीकडे त्यांनी हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, आणि आता अख्ख्या आळीला सांगत होते. "बहिरा हाय मी. डोकं ठिकाणावर हाय. चावी दे."

भावाने लगेच दिली नाही. आधी तो खाली बसला. मग खिशात हात घालून चावी काढली आणि तिच्याकडे बघत राहिला. बाबांनीच ती त्याच्या हातातून घेतली, आणि जाता जाता, तो लहान असताना करायचे तशी त्याच्या डोक्यावर टपली मारली.

डॉक्टरांकडे आम्ही परत गेलो. मला वाटलं होतं मी त्यांना चार शब्द सुनावणार, पण तशी वेळच आली नाही. मी सांगितलं तसे ते उठून उघड्या खिडकीपाशी लांब जाऊन उभे राहिले, मास्क खाली केला आणि तीन नवे शब्द सांगितले. थोड्या वेळाने बाबांनी दोन सांगितले. तिसरा काही आठवेना. "माझाही एखादा राहून जातो," डॉक्टर म्हणाले. गोळ्या बंद केल्या आणि कानाच्या डॉक्टरांचं नाव दिलं.

कानाचं मशीन लावायला बाबा लवकर तयार झाले नाहीत. कानात दिसतं, लोक बघतात, मास्कची दोरी अडकते, हजार कारणं. त्या काळात मी दर सुट्टीला रोह्याला जायची. मनाला स्वस्थता म्हणून नव्हतीच. घर परत मिळालं खरं, पण एकटा बहिरा माणूस, मागून गाडी आली तर? गॅस चालू राहिला तर? विसरण्याची काळजी गेली आणि ही आली. एसटी नागोठण्याला थांबली की मी उगाचच घड्याळ बघायची.

शेवटी एकदाचं मशीन आलं. ते लावून दिल्यावर आम्ही थेट रोह्याला आलो. बाबा पडवीत बसले. दुपार होती. शेवग्यावर कावळा ओरडला तर त्यांनी दचकून वर बघितलं. मी समोर बसले, मास्क काढून, सवयीने ओठ मोठे करत. "कसं वाटतंय?" विचारलं.

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं काही दुखतंय.

"परत बोल," ते म्हणाले.

"काय झालं बाबा? टोचतंय काय?"

 त्यांचे डोळे भरून आले होते. "हा तुझा आवाज?" त्यांनी विचारलं. "तुझा आवाज असा झाला?"

मला काही कळेना. मग ते थांबत थांबत बोलले. माझा आवाज त्यांना ठाऊक होता तो मी शाळेत जायची तेव्हाचा. त्यानंतर नीट ऐकलाच नाही. माझे ओठ हलले की डोक्यात तोच आवाज ते लावून घ्यायचे, बारीक, किरकिरा. लग्न झालं, पोरं झाली, केस पिकायला लागले, तरी मी त्यांच्याशी त्या फ्रॉकातल्या मुलीच्या आवाजात बोलत होते.

"आता तुझ्या आईचा आवाज हाय तुझा," बाबा म्हणाले. "तिचा लग्नातला होता तसाच."

 मी बोलायला तोंड उघडलं तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"नको. तुझं तोंड बघितलं की मध्येच तो जुना आवाज येतो. दोन्ही एकत्र होतात." त्यांनी माझ्या मांडीवर पडलेल्या मास्ककडे बोट दाखवलं. "तो लाव, आणि मग बोल."

ज्या फडक्याला मी वर्षभर शिव्या घातल्या ते मी बापाच्या सांगण्यावरून नाकावर चढवलं. काय बोलावं सुचेना. म्हणून बाजारातलं सांगत बसले. कोळंबी चांगली होती पण बाईने भाव सोडला नाही, मीठ संपलंय, पडवीचं एक कौल सरकलंय, असलंच काहीबाही. बाबा माझ्याकडे बघत नव्हते. जमिनीकडे बघत होते. हसले नाहीत, मान हलवली नाही. माझं सांगण्यासारखं संपलं आणि मी थांबले, तर खाली बघतच म्हणाले, "बोल गो."